वाचकांचे प्रश्न : सर्वांत थोर ड्रमवादक कोणाला म्हणावे?

प्रश्न : आमच्या तालमीच्या कट्ट्यावर दर रविवारी मिसळ खाऊन झाली की एकच वाद सुरू होतो. एका मित्राच्या मते जाझ ड्रमवादक बडी रिचच्या हाताला तोड नाही, माझा पुतण्या लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन बॉनमचे नाव घेतो आणि मी झाकीर हुसेन यांच्यापुढे कोणालाच मानत नाही. गेल्या रविवारी प्रकरण अबोल्यापर्यंत गेले. आपण निकाल द्यावा.
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. झाकीरभाईंबद्दल आपल्याला वाटणारा आदर मलाही तितकाच वाटतो. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा आणि बडी रिच यांनी १९६८ मध्ये एकत्र ध्वनिमुद्रिका केली होती, म्हणजे या दोन परंपरांना एकमेकींशी बोलता येते हे जुनेच आहे. तरीही तबलावादक आणि ड्रमवादक यांची कामे वेगळी आहेत. तबल्याचा प्रत्येक आघात हा बोल असतो, दायाँ (उजव्या हाताचा तबला) षड्जाला मिळवलेला असतो आणि सगळी करामत बोटांत आणि तळहातांत असते. ड्रमसेटवर बसलेल्या माणसाचे दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी चार वेगळी कामे करत असतात.

हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला परदेशी उदाहरणाची गरज नाही. खासबागेत कुस्तीच्या आधी हलगीवाले मैदानाच्या कडेला कागद पेटवून त्याच्या धगीवर हलगी फिरवत असतात, मधूनच बोटाने टिचकी मारून आवाज चढला का ते पाहतात आणि चामडे पुरेसे ताणले गेले की उभे राहतात, हे आपण पाहिलेच असेल. मग हलगीचा कडकडाट एक जण करतो, खालचा घुमणारा आवाज घुमकेवाला सांभाळतो आणि झांजेसारखी लखलखणारी किनार कैताळवाला देतो. पाश्चात्त्य लष्करी बँडमध्येही मोठा ड्रम, स्नेअर (कडकडणारा छोटा ड्रम) आणि झांजा वाजवणारी माणसे वेगवेगळी असत. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी मोठा ड्रम पायाने वाजवण्यासाठी वेगाने चालणारा पेडल आणला आणि त्यानंतर हा तीन जणांचा ताफा हळूहळू एका खुर्चीवर येऊन बसला. म्हणून ड्रमवादकाची पारख करताना त्याचे हात किती वेगाने फिरतात एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या अंगातले हलगीवाला, घुमकेवाला आणि कैताळवाला एकमेकांचे ऐकतात की नाही, हे पाहावे लागते.

बडी रिचबद्दल आपल्या मित्राचे म्हणणे वेगापुरते मला मान्य आहे. १९१७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला हा माणूस अगदी लहानपणापासून रंगमंचावर वाजवत होता. त्याला नोटेशन वाचता येत नसे. नवी रचना तालमीत दुसऱ्या ड्रमवादकाकडून वाजवून घ्यायची, ती कानांनी टिपायची आणि मग स्वतः बसून वाजवायची, ही त्याची रीत होती. आपल्याकडच्या गुरुमुखी विद्येची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून भरून येते. पण त्याच्या अनेक ध्वनिमुद्रणांत मला बँडपेक्षा बडी रिचच अधिक ऐकू येतो आणि साथीच्या वाद्याबाबत हे मला खटकते. उस्ताद अहमदजान थिरकवाँसारखा, एकल तबलावादनात ज्याच्यापुढे भलेभले नमत, असा कलावंत बालगंधर्वांच्या पदांमागे वर्षानुवर्षे साथीला बसत होता, हे ज्या महाराष्ट्राने अनुभवले त्याने साथीचे मोल कमी लेखू नये.

माझी कसोटी अशी आहे : तो वादक बाजूला काढला तर उरलेल्यांचे काय होते? १९७८ मध्ये ‘द हू’ या रॉक बँडचा ड्रमवादक कीथ मून गेला, तेव्हा बँडने केनी जोन्स यांना घेतले आणि बँड पुढे चालू राहिला. २५ सप्टेंबर १९८० रोजी जॉन बॉनम वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेड झेपलिनच्या उरलेल्या तिघांनी आपण पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही असे जाहीर केले. त्या वेळी जगातला कोणताही ड्रमवादक त्यांच्या एका निरोपावर धावत आला असता. २००७ मध्ये लंडनला ते एका कार्यक्रमापुरते एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन बसला होता.

यामागचे कारण कानांनी शोधायचे असेल तर १९७१ च्या अल्बममधील ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे गाणे चांगल्या स्पीकरवर ऐकावे. इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत, जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडून मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले होते. त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर त्या उंच जिन्याचा घुमारा ध्वनिमुद्रणात उतरला. ठेका साधा आहे, गती संथ आहे, पण प्रत्येक ठोका आता आलाच असे वाटते आणि तरी तो किंचित रेंगाळून पडतो. गाण्याचे सगळे वजन त्या रेंगाळण्यावर तोललेले आहे. वेगही त्याच्याजवळ होताच. ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये त्याचा उजवा पाय एकाच पेडलवर जे करतो, त्यासाठी इतरांना दोन पेडल लागतील. म्हणून ड्रमसेटपुरता माझा कौल आपल्या पुतण्याच्या बाजूने आहे.

या वादात क्वचितच घेतले जाणारे एक नाव मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधील ड्रमवादक क्लाइड स्टबलफिल्डने ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात काही सेकंद एकट्याने वाजवलेला ठेका पुढे शेकडो गाण्यांत जसाच्या तसा उचलला गेला. गाण्याचे श्रेय जेम्स ब्राउनच्या नावावर असल्यामुळे स्टबलफिल्डला त्या ठेक्याचे मानधन मिळाले नाही, आणि २०१७ मध्ये तो गेला. आपल्याकडेही किती ढोलकीवाले आणि हलगीवाले ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर नाव न येताच वाजवून गेले! कट्ट्यावर पुन्हा वाद रंगेल, तेव्हा एक बाजू या माणसासाठी राखून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि ड्रम शिकते. या याद्यांमध्ये स्त्रियांची नावे का नसतात?
— एक विद्यार्थिनी, गारगोटी

उत्तर : यादी करणाऱ्यांनी ऐकलेले नसते म्हणून. व्हायोला स्मिथ १९३०च्या दशकापासून व्यावसायिक ड्रमवादक होत्या आणि २०२० मध्ये १०७ व्या वर्षी निवर्तल्या. कॅरन कारपेंटर यांना जग गायिका म्हणून ओळखते, पण त्या आधी ड्रमवादक होत्या. शीला ई. यांचे वादन तर तू आजच ऐक आणि डाव्या हाताकडे नीट लक्ष दे.

प्रश्न : ड्रमवादनाच्या जागतिक नकाशावर कोल्हापूरशी नाते सांगणारे कोणी आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि ते नाते गाण्याच्या वाटेने येते. थोर गायक उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात आले. त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे शोभा गुर्टू यांनी सुरुवातीची तालीम घेतली, तीही कोल्हापुरातच. शोभाताईंचे पुत्र त्रिलोक गुर्टू तबला शिकले आणि नंतर ड्रमसेटकडे वळले. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत त्यांनी वाजवले. खुर्ची बाजूला ठेवून ते जमिनीलगत बसतात, तबला आणि झांजा एकाच घेरात मांडतात, आणि जवळच पाण्याने भरलेली बादली ठेवतात. वाजवलेली झांज ते त्या पाण्यात हळूहळू बुडवतात, तेव्हा तिचा स्वर मींड घेतल्यासारखा वाकत जातो.