खाण्यापिण्याचे प्रश्न : लंडनमधलं ‘इराणी’ आणि छोट्या प्लेट्स

प्रश्न : ताई नमस्कार, मी लंडनला असते आणि आईबाबा पहिल्यांदाच आलेत, दादरहून. त्यांना डिशूमला, म्हणजे इथल्या मुंबईच्या इराण्याच्या धर्तीवरच्या रेस्टॉरंटला, न्यावं असं खूप मनात आहे पण बाबा म्हणतात, इराण्याकडे जायला इतक्या लांब कशाला यायचं, आणि आई शाकाहारी, शिवाय तिथे बारही आहे आणि बार म्हटलं की तिला अवघडल्यासारखं होतं. मागे मी दुसऱ्याच एका छोट्या प्लेट्सवाल्या ठिकाणी गेले होते तिथे किती मागवायचं तेच कळलं नाही आणि आम्ही अर्धपोटी उठलो. काय करू?

उत्तर : अगं, ने त्यांना, नक्की ने.

बाबांचं बरोबरच आहे, हे काही खरं इराणी नाही. २०१० साली कॉव्हेंट गार्डनला पहिलं डिशूम निघालं ते मुळात मुंबईच्या इराण्यांची आठवण म्हणूनच, त्या गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबलं, भिंतीवर जुने फोटो. पण बाबांनी कयानी पाहिलंय ना, १९०४ चं, नाहीतर बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया? मग त्यांच्याइतकं त्या खुर्चीत बसून बोलायला हक्काचं माणूस दुसरं कोण आहे सांग. मला विचारशील तर त्यांना तिथे नेण्याचं खरं कारण हेच, जेवण नंतर. ते बोलायला लागले की मध्ये मोबाइल काढू नकोस.

आता प्लेट्सचं. आपला घोळ असा होतो की आपण त्याला एकतर चकणा समजतो नाहीतर स्टार्टर. आपल्याकडे बऱ्याच परमिट रूममध्ये चणे-शेंगदाणे न मागताच पुढ्यात येतात, इथे प्रत्येक छोटी प्लेट ही वेगळी ऑर्डर असते आणि तिचे वेगळे पैसे, आणि पदार्थ जसजसे तयार होतील तसतसे येतात, आधी हे मग ते असं काही नसतं. आणि आपल्याला सवय ज्याच्यात्याच्या ताटाची, इथे सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं. तुम्ही तिघं आहात ना, मग आधी चारच प्लेट्स सांग, त्या संपत आल्या की पुढचं ठरव आणि शेवटी एक काळी डाळ आणि नान सांगच, ती डाळ चोवीस तासांहून जास्त शिजवतात, पोट त्यानेच भरतं. एकदम सगळं मागवलंस तर टेबलावर जागा उरत नाही आणि अर्धं गार होतं.

आईसाठी भेंडी फ्राईज, पावभाजी. वडापाव मात्र मी सुचवणार नाही, दादरच्या माणसाला लंडनचा वडापाव देऊ नये बाई, सगळा वेळ तुलनेत जातो. बाबांना खिमा पाव आणि कोलंबी कोळीवाडा दे, आणि गंमत म्हणून सांग की हा पदार्थ कोळ्यांचा नाहीच, फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात येऊन राहिलेल्या पंजाबी लोकांचा आहे. फक्त ऑर्डर देतानाच वेटरला सांग की व्हेजच्या प्लेट्स एका बाजूला ठेवा आणि वाढायचे चमचे वेगळे द्या, नाहीतर खिम्याचा चमचा पावभाजीत जातो आणि आई काही न बोलता जेवायची थांबते, माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं, मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

आणि संध्याकाळी नेऊच नकोस. दुपारी चारला जा, ती इराण्याच्या चहाचीच वेळ, तेव्हा आईला बारमध्ये आल्यासारखं वाटणार नाही. बिलात सर्व्हिस चार्ज धरलाय का तेवढं बघ, लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी साडेबारा टक्क्यांच्या आसपास लावतात, धरला असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

प्रश्न : डिशूमच्या बारला ‘परमिट रूम’ म्हणतात असं ऐकलं. आपल्याकडच्या पाट्यांवरचाच शब्द का हा? आणि परमिट खरंच लागतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हो, तोच शब्द. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आलाय, दारू पिणाऱ्याकडे परवाना हवा म्हणून त्या खोलीचं नाव परमिट रूम. कायदा नाव बदलून अजून आहे आणि परवाना आजही लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आजन्म काढून ठेवा, ऑनलाइन अर्ज करता येतो.