वेस्ट विंडसरला घर बघताय? आधी कर बघा

नुसती किंमत आणि हप्ता बघून उडी मारू नका. न्यू जर्सीत खरा दणका मालमत्ता कराचा. त्यातला मोठा वाटा शाळांना जातो आणि कर्ज फिटलं तरी हा काही सुटत नाही! जाहिरातीतला वार्षिक कर बाराने भागा, हप्त्यात मिळवा, मग बोला. घर नवंकोरं असेल तर तो आकडा नुसत्या जमिनीचा नाही ना, हे खोदून विचारा.

घाई नसेल तर शेजारच्या प्लेन्सबरोत भाड्याने राहा. दोन्ही गावांचा शाळा-जिल्हा (सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) एकच आहे. न्यूयॉर्कला नोकरी? मग प्रिन्स्टन जंक्शनचा रेल्वे पास आणि पार्किंग वेगळं धरा. किराणा, कपड्यांवर मात्र सहसा विक्रीकर नाही.