एकूण टी-फोर वाढलाय म्हणून थायरॉइडची गोळी कमी करू नकोस
अगं, राजारामपुरीतल्या लॅबचा तुझा रिपोर्ट नीट वाचला. एकूण टी-फोर, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक, जास्त आलाय, पण तुला गरोदरपणाचा चौथा महिना चालू आहे, तेव्हा गोळी आपल्या मनानं अर्धी करू नकोस.

रक्तातला टी-फोर जवळजवळ सगळा प्रथिनांना चिकटलेला असतो. बराचसा टीबीजी नावाच्या प्रथिनाला, उरलेला ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनला. मोकळा असतो तो जेमतेम ०.०३ टक्के, आणि पेशीत शिरून काम करतो तो तेवढाच. केएमटी बसमध्ये बसलेला माणूस थांब्यावर उतरल्याशिवाय कामाला लागत नाही, तसंच हे.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं. त्यामुळे टीबीजी रक्तात जास्त काळ टिकतं, त्याचं प्रमाण वाढतं आणि एकूण आकडा फुगतो. निरोगी थायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक बनवून ही वाढीव मागणी भागवते. तुझी ग्रंथी मुळातच मंद, म्हणून डोस बहुतेकदा उलट वाढवावा लागतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही टीबीजी वाढतं. किडनीच्या नेफ्रॉटिक आजारात मात्र ते लघवीतून जातं आणि आकडा खाली येतो.

आत्ता तुझ्यासाठी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, त्याचा आकडा महत्त्वाचा. फ्री, म्हणजे मोकळ्या, टी-फोरची नेहमीची तपासणीसुद्धा या काळात थोडी फसवते. निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर ४ आठवड्यांनी टीएसएच करून घे. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीनंतर ४ तासांनी घे. बाळंतपणानंतर डोस पुन्हा बदलेल, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.