बडोद्यात घरासमोरचा पिंपळ फाल्गुनात पार उघडा पडलाय, वाळला म्हणायचा का?

नाही, वाळलेला नाही. पिंपळ दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पानगळ करतो आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा भरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर माती कोरडी होत जाते, जुन्या पानांतून पाणी उडत राहतं, म्हणून झाड ती टाकून देतं. आमच्या गल्लीतल्या पिंपळाचं मी वर्षानुवर्षं हेच बघतोय. खात्री करायची असेल तर हाताला येणारी बारीक डहाळी घ्या आणि नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं, पांढरा चीक आला, तर निश्चिंत राहा. शेंड्यावर टोकदार, मिटलेली कळीही दिसेल. तिच्यातून निघणारी पानं आधी तांबूस-गुलाबी, मऊ आणि लोंबती असतात, मग हिरवी होतात. (मला विचाराल तर तेच आठवडे बघण्यासारखे, पावसाळ्यातला हिरवागार पिंपळ त्यापुढे काहीच नाही.) शेजारच्या वडाशी तुलना मात्र करू नका, तो सहसा असा पूर्ण उघडा पडत नाही. कडुनिंब साधारण याच सुमारास पालवतो, म्हणून तर पाडव्याला कोवळा पाला मिळतो.

एवढं मात्र बघा: एकाच बाजूच्या फांद्या कोरड्या असतील, साल सुटत असेल, किंवा बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं असेल, तर ही नेहमीची पानगळ नसावी. एप्रिल संपेपर्यंत पालवी नाही आली तर महापालिकेच्या उद्यान विभागाला दाखवा. आणि तोवर फांद्या छाटू देऊ नका.