रॉकेटचे इंधन आणि मूत्रपिंडे

प्रश्न : माझा मुलगा उपग्रहांत इंधन भरणाऱ्या पथकात नुकताच रुजू झाला आहे. हायड्राझिन या इंधनामुळे मूत्रपिंडे निकामी होतात असे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भरपूर पाणी प्यायल्यास हे विष लघवीवाटे निघून जाते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची काळजी अनाठायी नाही. हायड्राझिन श्वासातून तर शरीरात जातेच, पण धडधाकट त्वचेतूनही शिरते, आणि यकृताबरोबरच मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांना इजा करते. गाळलेल्या द्रवातून उपयुक्त पाणी व क्षार परत रक्तात घेणाऱ्या या नलिकांच्या पेशी मेल्या, की लघवी कमी होत जाते. आठवड्यातून एकदाच, असे सहा महिने हायड्राझिन हाताळून मृत्यू पावलेल्या एका कामगाराच्या शवविच्छेदनात नेमके हेच आढळल्याची वैद्यकीय नोंद आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यातील मोनोमिथाइल हायड्राझिन हे इंधन आणखी एका वाटेने घात करते : त्याने तांबड्या पेशी फुटतात, सुटलेले हिमोग्लोबिन नलिकांत अडकते आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसू लागते.

पाणी पिणे हा यावरचा उतारा नव्हे. इंधन अंगावर उडालेच, तर कपडे तत्काळ उतरवून त्वचा वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्रास जाणवत नसला तरी रुग्णालय गाठावे.

नाकावर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी हायड्राझिनची कायदेशीर मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 1 भाग इतकी आहे. त्याचा अमोनियासारखा वास मात्र साधारण 3 ते 4 भागांना येतो. म्हणजे वास आला, तेव्हा मर्यादा आधीच ओलांडलेली असते. म्हणूनच स्वतंत्र हवापुरवठ्याचा, अंगभर पोशाख घातल्याशिवाय इंधन भरण्याच्या जागी पाऊल टाकू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

घन इंधनातील अमोनियम परक्लोरेटची गोष्ट वेगळी. ते मूत्रपिंडांवाटे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. त्याचा मुख्य आघात थायरॉइडवर होतो.

चिरंजीवांची रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) व लघवीतील प्रथिनांची तपासणी काम सुरू होण्याआधी झाली नसेल, तर ती याच आठवड्यात करून घ्या. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसू शकते, त्यामुळे पुढचा प्रत्येक अहवाल छापील मर्यादेशीच नव्हे, तर त्यांच्या या पहिल्या आकड्याशीही ताडून पाहावा लागेल.