मोबदला नव्हेच, आणि भरपाईही जपून

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलंय: परक्या सरकारच्या पाठबळाने झालेल्या दहशतवादी हल्ल्यात जे सापडले, त्यांना सरकार पैसे देतं तो 'मोबदला' की 'नुकसानभरपाई'? आणि 'राज्यपुरस्कृत दहशतवाद' हा शब्द बरोबर का?

मोबदला नाही. कधीच नाही. 'मृतांच्या वारसांना पाच लाखांचा मोबदला' हे ऐकून ऐकून कान किटले. मोबदला अरबीतून आलेला. बदल, बदली, बदला ही त्याची भावंडं. एक वस्तू द्यायची, तिच्या बदल्यात दुसरी घ्यायची. बार्शी-अक्कलकोटकडे महामार्गात गेलेल्या जमिनीला मोबदला मिळतो, तिथे शब्द चपखल बसतो. स्फोटात गेलेला मुलगा कुणी काही घेऊन दिलेला नसतो.

'नुकसान' म्हणजे घट, तेही अरबीच. पुढे चला, कारण खरा ऐवज 'भरपाई'त आहे. 'पाई' म्हणजे नाणं, पाईपाईने भरायचं ते भरपाई, अशी फोड सांगितली जाते. साफ चूक. आण्यात बारा असायच्या त्या नाण्याला मराठी 'पै' म्हणते. आपण हिशेब पैपैचा करतो. भरपाईतली पाई 'पावणे' या क्रियापदाच्या घरची आहे. पावती तिथलीच. सिद्धेश्वर नवसाला पावतो, तेही तेच पावणं, संस्कृत 'प्राप्'पासूनचं. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे पूर्ण रक्कम पोचल्याची पावती. खरेदीखतात आजही लिहितात: 'रक्कम भरून पावलो, तक्रार नाही.' म्हणजे हा शब्द घेणाऱ्याच्या तोंडचा! देणाऱ्याने तो उच्चारायचाच नाही. सरकारने पैसे द्यावेत. भरपाई झाली की नाही हे ज्याचं गेलं तो सांगेल.

याला शब्दांचा कीस म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत. अमेरिकेने २०१५च्या कायद्याने अशा पीडितांसाठी निधी उभारला. दहशतवादाचा पुरस्कर्ता ठरवलेल्या देशाविरुद्ध अमेरिकी न्यायालयाचा अंतिम निवाडा हातात असला की दावा करता येतो. निवाड्यातली रक्कम कितीही असो, माणशी २ कोटी डॉलर आणि कुटुंबामागे ३.५ कोटी डॉलर एवढीच हिशेबात धरतात. इराणमध्ये, तेहरानच्या अमेरिकी दूतावासात १९७९ साली पकडलेल्या ओलिसांना निवाड्याची अट नाही. त्यांचे दिवसाला १०,००० डॉलर धरतात, आणि त्यातले बहुतेक ४४४ दिवस कैदेत होते. अशा देशांवरचे निर्बंध मोडणाऱ्यांकडून वसूल झालेल्या दंडातून निधी भरतो. तो पुरत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत सर्वांना प्रमाणात वाटप होतं. भरून पावला असं कुणाला म्हणता येईल?

आपल्याकडे केंद्रीय गृहखात्याची योजना २००८पासून आहे. मृत्यू किंवा ५० टक्के वा अधिक अपंगत्व आलं तर आधी ३ लाख मिळत, २०१६पासून ५ लाख. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. पैसे मुदत ठेवीत जातात, ३ वर्षं मोडता येत नाहीत, व्याज दर तिमाहीला खात्यात. ही योजना स्वतःला 'साहाय्य'च म्हणवते, आणि ते प्रामाणिक आहे. पोच लिहून देताना 'योजनेतील आर्थिक साहाय्य रुपये ५,००,००० मुदत ठेवीने मिळाले' एवढंच लिहावं. 'भरून पावलो' लिहिलंत, तर पुढे आणखी हक्क मागताना तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल.

सोलापुरात अजून एक शब्द कानावर असतो. कन्नडमध्ये 'परिहार', पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'नष्टपरिहारम्'. मराठीत परिहार शंकेचा होतो, श्रमांचा होतो. गेलेल्या माणसाचा परिहार होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हा दावा भरपाईपेक्षाही मोठा.

'राज्यपुरस्कृत' राहिलं. पुरस् म्हणजे पुढे. पुढे केलेलं ते पुरस्कृत, म्हणून शब्द शुद्ध आहे. पण आज पुरस्कृत म्हटलं की बक्षीस आठवतं आणि राज्य म्हटलं की महाराष्ट्र. 'परक्या सरकारच्या पाठबळाचा दहशतवाद' लिहा.