मटण धुवावे की धुऊ नये : कोल्हापुरात आजीकडे राहायला गेलेल्या लेकीस पत्र

प्रिय लेकी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रविवारी आजोबांनी मटण आणले आणि आजीने ते पातेल्यात घेऊन दोन-तीन पाण्यांनी धुतले. गेल्या उन्हाळ्यात कॅफेत काम धरण्याआधी तुला जे प्रशिक्षण मिळाले, त्यात मात्र कच्चे मांस धुऊ नये असे बजावून सांगितले होते. तेव्हा दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे, आजी चुकत असेल तर तिला ते सांगायचे कसे, असे तू विचारले आहेस. पत्राच्या शेवटी जाता जाता "रात्रभर कट्ट्यावर राहिलेला रस्सा सकाळी उकळून खाल्ला तर चालतो का?" असेही लिहिले आहेस. माझ्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पण आधी धुण्याचे पाहू.

इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कृषी खात्याचा सल्ला असा आहे, की कच्चे मांस, विशेषतः कोंबडी, धुतल्याने तिच्यावरचे जंतू जात नाहीत. ते पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये, कट्ट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. जंतू मरतात ते शिजवताना. हे तपासण्यासाठी या खात्याने नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाबरोबर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कोंबडीवर मुद्दाम निरुपद्रवी जंतू लावून लोकांना ती शिजवायला आणि सोबत सॅलड करायला सांगितले होते. ज्यांनी कोंबडी धुतली, त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडपर्यंत पोहोचले. प्रशिक्षणात तुला बहुधा इतकेच सांगितले असेल. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते : ज्यांनी कोंबडी धुतलीच नाही, त्यांच्यातल्याही ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू गेले, बहुधा त्यांनी हात नीट धुतले नव्हते आणि सिंक व भांड्यांनाही जंतू लागले होते म्हणून. म्हणजे मांस धुतले की नाही यापेक्षा कच्च्या मांसाला लागलेले हात, पाणी आणि भांडी शेवटी कशाला लागली, हे पाहणे अधिक गरजेचे आहे.

आता आजी का धुते ते समजून घे. कोल्हापुरात मटण पाकिटातून येत नाही. सकाळी कापलेल्या बोकडाचे मटण खाटीक लाकडी ठोकळ्यावर सत्तूरने तोडून देतो. त्यात हाडांचा चुरा असतो, कधी एखादा केस असतो, ठोकळ्याचा भुसा लागलेला असतो. ही घाण काढली नाही तर रश्शात दाताखाली कचकच येते, आणि पांढऱ्या रश्शात तर ती डोळ्यांनाही दिसते. आजी धुते ती ही घाण काढण्यासाठी, आणि ते कारण खरे आहे. इथे सुपरमार्केटमधल्या बंद पाकिटातल्या कोंबडीच्या बाबतीत ते उरत नाही, म्हणून मी घरी कोंबडी धूत नाही. आपण हलाल दुकानातून बोकडाचे मटण आणतो, तेव्हा तिथला माणूस गोठलेले मांस विजेच्या करवतीवर कापून देतो आणि हाडाचा ओला भुगा तुकड्यांना चिकटून येतो. ते मटण मात्र मी धुतो.

फक्त धुण्याची पद्धत सांभाळावी लागते. वाहत्या नळाखाली मटण धरायचे नाही. खोल पातेल्यात पाणी घेऊन तुकडे हलक्या हाताने चाळवायचे, पातेले सिंकच्या तळाशी टेकवून पाणी हळूच ओतायचे, जवळपास एकही धुतलेले भांडे किंवा कोथिंबिरीची जुडी ठेवायची नाही, आणि मटण चुलीवर चढले की सिंक, नळाची चावी आणि आपले हात साबणाने घासून धुवायचे. आजी पातेल्यातच धुते हे तू स्वतः लिहिले आहेस, म्हणजे निम्मे काम झालेले आहे. उरलेले निम्मे सिंकचे आहे.

आपल्या ताटाकडे पाहा म्हणजे मी सिंकवर इतका भर का देतो ते कळेल. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुके हे सगळे उकळून किंवा परतून आलेले असते, पण त्याच ताटात चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि दह्यातली कोशिंबीर कच्ची असते. मटणावरचे जंतू ताटात परत आले तर याच तीन पदार्थांतून येतात. म्हणून कांदा, लिंबू आणि कोशिंबीर मटणाची पिशवी उघडण्याआधी चिरून झाकून ठेवावी. दही मात्र आयत्या वेळी घालावे, नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटते.

या बाबतीत आपल्याकडची जुनी रीत पुष्कळ चांगली होती. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरी मटण स्वयंपाकघरात शिजतच नसे. परसात त्याची वेगळी चूल होती, पातेले वेगळे, पळी वेगळी, विळीसुद्धा वेगळी, आणि ती भांडी बाहेरच राखेने घासून बाहेरच पालथी घातली जात. देवघर आणि स्वयंपाकघर विटाळू नये म्हणून हे सारे पाळले जाई. जंतूंचा विचार त्यात नव्हता. पण कच्चे मांस आणि न शिजवता खायचे पदार्थ एकमेकांपासून दूर ठेवा, ही जी गोष्ट इथे दोन रंगांच्या कटिंग बोर्डांनी साधतात, ती त्या चुलीने आपोआप साधत होती. फ्लॅटमध्ये आल्यावर परसही गेले आणि चूलही गेली. एकच कट्टा, एकच सिंक आणि एकच विळी राहिली. आजीच्या सवयी जुन्या घरातल्या आहेत आणि तिचे स्वयंपाकघर नवे आहे. तुला जी गोष्ट खटकली, तिचे मूळ इथे आहे असे मला वाटते.

तू असेही लिहिले आहेस की इथले कृषी खाते आपला सल्ला सारखा बदलते, मग त्यावर विश्वास किती ठेवायचा. सल्ला बदलतो हे खरे आहे, पण प्रत्येक बदलाला कारण असते. कोंबडीच्या निरनिराळ्या भागांसाठी पूर्वी निरनिराळी तापमाने सांगत; २००६ साली सगळ्यासाठी ७४ अंश सेल्सिअस ही एकच मर्यादा ठरली. डुकराचे मांस पूर्वी ७१ अंशांपर्यंत शिजवायला सांगत. २०११ साली अखंड तुकड्यांसाठी ते ६३ अंशांवर आणून वर तीन मिनिटे तसेच ठेवावे असे सांगितले, कारण एवढ्यानेही तितकीच सुरक्षितता मिळते. बोकडाच्या आणि मेंढीच्या अखंड तुकड्यांनाही हीच मर्यादा आहे. खिम्यासाठी मात्र ७१ अंश कायम आहेत. तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, पण खिमा करताना वरचे सगळे आत मिसळते. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात नीट न शिजलेल्या बीफच्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्या प्रकरणानंतर खिम्याकडे फार काळजीने पाहिले जाऊ लागले. आतला गुलाबी रंग गेला म्हणजे शिजले, हा समजही मागे पडला, कारण चारांतला एक हॅम्बर्गर पुरेसा तापण्याआधीच तपकिरी होतो असे आढळले.

कोल्हापुरी मटणाला या आकड्यांची चिंता फारशी करावी लागत नाही. आजी आधी हळद आणि आले-लसूण लावून मटण अळणी शिजवून घेते आणि मग त्याच अळणी पाण्यातून दोन्ही रस्से निघतात. एवढा वेळ उकळलेले किंवा कुकरमध्ये शिट्ट्या घेतलेले मटण सगळ्या मर्यादांच्या फार पुढे गेलेले असते. मटण घरी आले की ते लगेच चुलीवर चढवायचे, हा आजीचा नियमही इथल्या नियमाशी पूर्ण जुळतो. इथे सांगतात की मांस बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हा एक तासच धरावा. हळद लावली म्हणून हा वेळ वाढत नाही. मुरवत ठेवायचे असेल तर फ्रीजमध्येच ठेवावे. कलेजी मुलांना आवडते म्हणून ती तव्यावर घाईने परतून देतात. ती आतून गुलाबी राहू देऊ नकोस.

वजडीचे, म्हणजे बोकडाच्या पोट-आतड्यांचे, वेगळे आहे. ती धुवावीच लागते, आणि "धुऊ नका" हा सल्ला तिला लावून चालत नाही. आजी वजडीवर कढत पाणी ओतून मग ती खरवडते. इथे डुकराच्या आतड्यांसाठी असेच सांगतात, की साफ करण्याआधी ती पाच मिनिटे उकळून घ्यावीत, म्हणजे पुढे हाताळताना धोका कमी होतो. पाणी नुसते ओतण्याऐवजी वजडीला खरोखर उकळी आणली तर अधिक बरे.

आता रात्रभर राहिलेल्या रश्शाचे. शिळा तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो आणि भाकरीबरोबर अधिक चांगला लागतो, यात मला शंका नाही. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जंतू आहे. त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, आणि पातेले सावकाश निवत असताना, विशेषतः ते हाताला चांगले कोमट लागते तेव्हा, त्यांच्यापासून झपाट्याने वाढ होते. मोठे पातेले, घट्ट रस्सा आणि वर तर्रीचा जाड थर असला की आतली ऊब कित्येक तास टिकते, म्हणजे या जंतूला हवे तसेच घडते. सकाळी खळखळून उकळल्यावर हे वाढलेले जंतू मरतात. आजी उकळते ते याच अनुभवावर, आणि त्यामुळे पुष्कळ वेळा निभावतेही. पण अन्न बाहेर राहिले असताना दुसरे काही जंतू आपले विष त्यात सोडतात, आणि त्यातली काही विषे उकळूनही जात नाहीत. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचे उत्तर "चालत नाही" असेच आहे.

पांढऱ्या रश्शात ही अडचण आणखी वाढते. त्यात नारळाचे दूध असते. ते जोराने उकळले तर फुटते, म्हणून तो रस्सा दुसऱ्या दिवशी कोणी खळखळून उकळत नाही, नुसता ऊन करतात. शिवाय नारळामुळे तो लवकर आंबतो. तांबड्याला सकाळी निदान उकळी तरी मिळते, पांढऱ्याला तीही मिळत नाही. मी तुझ्या बॅगेत ठेवलेला थर्मामीटर इथे उपयोगी पडेल : मंद आचेवर ढवळत ढवळत रस्सा ७४ अंशांपर्यंत नेता येतो आणि तो फुटतही नाही. पण हे फ्रीजमध्ये ठेवलेल्या रश्शासाठी आहे. रात्रभर बाहेर राहिलेल्या रश्शासाठी नाही.

गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये असे आजी म्हणेल. लहान फ्रीज आणि अधूनमधून जाणारी वीज यांचा विचार केला तर तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. अख्खे तापलेले पातेले आत ठेवले तर शेजारचे दूध आणि दही तापते. यावर उपाय असा, की जेवणे झाल्याबरोबर रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत ओतावा, परातीत गार पाणी घेऊन डबे त्यात ठेवावेत, पाणी कोमट झाले की बदलावे, आणि वाफ गेली की झाकण लावून फ्रीजमध्ये सरकवावेत. रस्सा चुलीवरून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हावे, आणि तो रस्सा तीन-चार दिवसांत संपवावा. रश्शाची वाफ जिरण्याआधी झाकण लावू नये हे आजी नेहमी सांगते, म्हणून ही कृती तिला परकी वाटणार नाही.

तिला सांगायचे कसे, हे विचारलेस ते मला फार आवडले. मटण कसे शिजवावे हे तिला सांगायला जाऊ नकोस. ते तिच्याकडून शिकून घे. कांदा-कोशिंबीर सकाळीच चिरून ठेवण्याचे, मटण चढल्यावर सिंक घासण्याचे आणि रात्री रस्सा डब्यांत काढण्याचे काम तू स्वतःकडे घे. ही तिन्ही कामे तिला तशीही नकोशी असतात, कारण गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभे राहवत नाही. दोन-चार रविवार गेले की ती स्वतःच विचारेल, तेव्हा कारण सांग. "अमेरिकेत असे करतात" असे मात्र म्हणू नकोस. आजोबांसाठी करते आहे असे सांग. ते खरेही आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसांना दूषित अन्नाचा त्रास लवकर होतो आणि अधिक होतो, आणि सकाळचा शिळा रस्सा-भाकरी घरात सर्वांत आवडीने खातात ते आजोबाच. तुझ्या देखत एवढे कर : फ्रीजमधून काढलेला तांबडा रस्सा खळखळून उकळल्याशिवाय त्यांना वाढू नकोस, आणि रात्री बाहेर राहून गेलेला कोणताही रस्सा त्यांच्या ताटात जाऊ देऊ नकोस, त्यांनी कितीही मागितला तरी.

तुझा,
बाबा